ओल्याचा वैरी

आमच्या भावोजींना सगळी गल्ली 'कडक' म्हणते. हे नाव आपल्याला शिस्तीमुळे पडलं अशी त्यांची समजूत आहे. मी कित्येक वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री फिरवते आहे, त्यामुळे खरं कारण मला ठाऊक आहे. भावोजींनी खळ घातलेला शर्ट भिंतीला टेकवून उभा करता येतो, आत माणूस नसला तरी. स्वतः भावोजीही तसेच आहेत.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लाँड्री दोघांनी मिळून काढली. गाठोडी माझ्या नवऱ्याने वाहिली आणि पाटीवरची अक्षरं भावोजींनी निवडली. नवरा गेला तेव्हा भावोजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथंच राहा, तुम्हाला कोण आहे?" मला वाटलं, चला, माणुसकी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याची इस्त्री गरम करून माझ्यासमोर ठेवली होती. तेव्हापासून वरच्या मजल्यावरची मागची खोली आणि खालचं दुसरं टेबल एवढं माझं राज्य. तक्रार करत नाही. तिथून सगळं दिसतं.

भावोजींचं खरं काम डाग काढण्याचं नाही, डाग वाचण्याचं. गिऱ्हाईक कोट ठेवून पायरी उतरलं की कोट उजेडात धरायचा आणि नाक फेंदारून जाहीर करायचं, "हा कॉफीचा नाही. हा बाहेरख्यालीचा." बँकेतला साहेब चादरीत पाय न धुता झोपतो, दवाखान्यातली बाई बाहीला नाक पुसते, शाळेच्या मोठ्या बाईंना बगलेत घाम फार. सगळ्या गल्लीची लाज त्यांच्या हँगरवर टांगलेली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कुणीतरी लाँड्रीवाल्यावरूनच काढली असणार.

आणि एक धर्म. ओलं ते वाईट. ओल्यात बुरशी, ओल्यात वास, ओल्यात रोग. टेबलावर पेल्याच्या बुडाचं ओलं कडं उमटलं तरी यांच्या कपाळाला आठी. जाऊबाई गेल्या तेव्हा माणसं भेटायला आली, तर हे दारात उभे राहून ज्याच्या त्याच्या छत्रीकडे बघत होते. त्यांचा मुलगा लहानपणी अंथरूण ओलं करायचा. कुठली मुलं करत नाहीत? भावोजी ती चादर दुकानाच्या दर्शनी काचेत वाळत घालायचे. लोक विचारायचे, हे शांतपणे सांगायचे, "आमच्या चिरंजीवांचा प्रताप." त्या पोराचं अंथरूण ओलं करणं त्याने सुटलं नाही, उशिरापर्यंत टिकलं. सुटला तो पोराचा कणा. आज तो मोठा बाप्या आहे, गाडी घेऊन घरोघर कपडे पोचवतो, पण बापाने खाकरलं की अजून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसतो.

या घरात सून आली ती चपलांच्या दुकानातून. म्हणजे तिथं कामाला होती. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून त्यांच्या टाचा, भेगा, घामट मोजे हाताळलेले. तिला कशाचीच किळस नव्हती, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. भावोजींना आवडली नाही. "पायाशी बसणारी," असं ते एकदा म्हणाले. लोकांच्या बगला वाचणाऱ्याने हे म्हणावं.

मग ठमी झाली.

ठमीचं पोट बेंबीच्या खाली मिटलेलंच नव्हतं. मी पाहिलं आहे म्हणून सांगते, उगाच डोळे फिरवायचं कारण नाही. मूत्राशय आपल्या आत मिटलेल्या पिशवीसारखं असतं. तिचं उघडं होतं, पोटावर पसरलेलं, लालबुंद, मऊ, ओलं. तेही दोन भागांत, आणि मधोमध आतड्याचा तुकडा बाहेर आलेला. शौचाची जागा नव्हतीच. बाकी पोर नाकीडोळी नीटस, आवाज खणखणीत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भ अगदी इवलासा असताना, बाई गरोदर आहे हे बाईलाही नीट उमगायच्या आत, पोटाची पुढची भिंत जुळायची राहून जाते. लाखांत एखाद्या बाळाचं असं होतं. आईने काही खाल्लं म्हणून नाही, बापाने काही केलं म्हणून नाही.

"पण हे आलं कुठल्या घराण्याकडून?" भावोजींनी विचारलं.

"कुठल्याच नाही, असंच सांगतेय ना मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे आमच्याकडून नक्की नाही," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी कोटाची बाही झटकली.

पहिलं ऑपरेशन लगेच झालं. आतडं वेगळं करून त्याचं तोंड पोटाच्या बाजूला काढलं, तिथं शौचासाठी चिकटवायची पिशवी बसवली. मूत्राशयाचे दोन भाग एकमेकांना शिवले. पण ते आत घालून पोट मिटवणं तेव्हा जमणारं नव्हतं. पोर वजनाने भरली की कमरेची हाडं जरा सरकवायची, मूत्राशयाची पिशवी वळायची आणि आत ठेवून द्यायची. तोवर ते पोटावर उघडंच राहणार. आणि इथंच सगळं अडलेलं होतं. ते मऊ राहायला हवं. मऊ असेल तरच वळेल. वाळलं, कडक झालं, तर त्याची पिशवी होणार नाही, मग ते काढून टाकायचं आणि लघवीसाठीही पोरीने जन्मभर पोटावर दुसरी पिशवी बाळगायची.

घरी करायचं ते सोपं होतं. सलाईनचं पाणी सोडायचं आणि वर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा ठेवायचा, ज्यात लोक उरलेलं अन्न गुंडाळतात तसला. कापूस नाही, कापड नाही, मलम नाही, पावडर तर नाहीच नाही.

"ओली जखम कधी भरते का?" भावोजींचा प्रश्न.

"ही जखम नाही, आजोबा. हे मूत्राशय आहे. ते ओलंच असतं. तुम्ही तुमची जीभ वाळवून बघा, जमतं का."

भावोजींनी मान डोलावली. त्यांची मान फार छान डोलते. समोरच्याला वाटतं, पटलं.

घरी आल्यावर भावोजींनी गल्लीला सांगितलं की बाळ जरा अशक्त आहे. कुणी बघायला आलंच तर ठमीला खळीच्या चादरीत गळ्यापर्यंत गुंडाळून आणायचं फर्मान निघालं. बायका गाल ओढायच्या, म्हणायच्या, "आजोबांवर गेलीय." आणि हे कडक फुलायचे. ठमीची दुपटी आमच्याच लाँड्रीत धुवायची नाहीत, असाही हुकूम. अहो, अख्ख्या गल्लीचे उद्योग आम्ही धुतो, आणि घरच्या लेकराची लघवी आम्हाला अपवित्र! सून मागच्या मोरीत बादलीत धुवायची आणि माझ्या खोलीत दोरीवर वाळत टाकायची. माझ्या डोक्यावर दिवसभर दुपटी लोंबायची. मला त्यांचा त्रास कधी झाला नाही.

बापाची गोष्ट तर सांगायलाच नको. माझा पुतण्या ठमीवर जीव टाकायचा, पण गळ्यापासून वर. गाणी म्हणायचा, टाळ्या वाजवायचा, आणि सून पापुद्रा उचलायला लागली की याला गाडीत काहीतरी विसरल्याची आठवण व्हायची. एकदा मी म्हटलं, "अरे बघ तरी एकदा, पोर खात नाही तुला." तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मोठी आई, मला घेरी येते." मोठा कनवाळू. घेरी यायलाही याला दुसऱ्या कुणीतरी जागं राहायला हवं.

तेव्हा सगळं सुनेवर. दिवसातून किती वेळा ते पाणी, तो पापुद्रा, ती पिशवी, देव जाणे. पिशवी निसटली की सगळं पोट भरायचं आणि मग नव्याने सुरुवात. तिने कधी नाक मुरडलं नाही. ठमीशी गप्पा मारत करायची. "आता आपण खिडकी पुसू या हं. आता काच लावू या." सकाळी दुकानातली गर्दी ओसरली की तिला अंघोळीला तेवढी फुरसत मिळायची. त्या वेळात भावोजी काउंटरवरून उठायचे आणि म्हणायचे, "जरा वर नजर टाकून येतो." मला बरं वाटायचं. मीही माणूसच, फसते.

तपासणीला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरीणबाईंनी पापुद्रा उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. मूत्राशय जागोजाग सुकलं होतं, कडेला कातड्यासारखं राठ झालं होतं, मध्ये सूज, बोट लागताच रक्त. आणि घड्यांमध्ये पांढरी गुठळी झालेली काहीतरी पूड.

"काय लावता तुम्ही इथं?"

"काही नाही," सून म्हणाली. "पाणी आणि प्लास्टिक."

"मग हे काय आहे?"

सुनेने वाकून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला झाडली. त्यांचंही बरोबरच, त्यांना कुणी काय सांगितलंय? म्हणाल्या, ऑपरेशन पुढे ढकलते, पुढच्या तपासणीला हे मऊ झालेलं दिसलं तर करीन, नाही तर मूत्राशयाची पिशवी विसरा. आणि घरात लक्ष द्यायला दुसरं कुणी आहे का, ते बघा.

भावोजी शेजारच्या खुर्चीत बसले होते. पायावर पाय. मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. ते पुढे झुकले आणि आवाजाला खळ घालून म्हणाले, "आमच्या घरात स्वच्छता फार आहे, डॉक्टर. सूनबाई जरा विसराळू आहेत एवढंच. आम्ही लक्ष घालू."

घरी आल्यावर त्यांनी खरंच लक्ष घातलं. रात्रीच्या जेवणावर सांगितलं की सूनबाईंनी थोडे दिवस माहेरी जाऊन विश्रांती घ्यावी, बाळासाठी पगारी बाई ठेवू. थोडे दिवस म्हणजे किती, ते सांगितलं नाही. मी पुतण्याकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. म्हणाला, "बाबा म्हणतात तर बरोबरच असेल."

सून ओरडली नाही, रडली नाही. जेवण झाल्यावर माझ्या खोलीत आली आणि दुपट्यांच्या खाली उभी राहून म्हणाली, "मोठ्या आई, मी झोपेत काही लावत असेन का हो हिला?"

"खुळी आहेस का?"

"मग कुठून आलं ते? माझ्याशिवाय कोण करतं तिचं? मीच करत असणार. मला आठवत नसेल. मी जाते माहेरी. माझ्या हातून आणखी वाईट नको व्हायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावोजींनी त्या पोरीला तिच्याच हातांची भीती घातली होती. मी म्हटलं, कुठंही जायचं नाही, आधी मला बाळ बघू दे.

सकाळी ठमीला खिडकीपाशी घेतलं. पापुद्र्याच्या आत काही कळेना, सगळं ओलं. पण पापुद्र्याच्या बाहेर, बरगडीच्या खाली कोरड्या कातडीवर, दोन फिकट पांढरे गोल होते. जुन्या नाण्याएवढे. वाकून बघितलं तर त्या गोलांत बारीक जाळी, विणीची.

इथं आमच्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. कपड्यावर तेल सांडलं की आम्ही त्यावर एक पांढरी पूड टाकतो, ती तेल शोषून घेते, मग झटकायची. सगळे लाँड्रीवाले चिमटीने भुरभुरवतात. भावोजींना ते गबाळं वाटतं. ते मलमलीच्या तुकड्यात पूड बांधून तिची पुरचुंडी करतात आणि ती डागावर अलगद ठोकतात. टुक, टुक, टुक. गोल उमटतो, गोलात मलमलीची जाळी. अख्ख्या गावात असा पूड ठोकणारा दुसरा माणूस नाही, असं ते स्वतःच सांगतात.

मी ठमीला खाली ठेवलं आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसले. मला राग यायला हवा होता तो लगेच आलाच नाही. आधी हसू आलं. जन्मभर लोकांना डागावरून पकडणारा माणूस, आणि स्वतःचा ठसा लेकराच्या बरगडीवर ठेवून गेला.

दुपारी जेवणासाठी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, तेव्हा मी सगळ्यांना खाली बोलावलं. सुनेला म्हटलं, ठमीला घेऊन ये. पुतण्या आला, भावोजी काउंटरमागे रुमाल घडी करत होते. मी त्यांच्या खणातून पुरचुंडी उचलली आणि टेबलावर पडलेल्या एका काळ्या कोटावर ठोकली. पांढरा गोल उमटला, आत जाळी. मग ठमीचं झबलं वर केलं.

"भावोजी, वाचा," मी म्हटलं. "तुम्हाला डाग फार चांगले वाचता येतात."

त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "वहिनींना हल्ली दिसत नाही नीट," ते मुलाला म्हणाले. "मागच्या आठवड्यात पांढरा शर्ट जाळला."

"डोळे माझे गेले असतील. याचे आहेत ना? बघ रे तू."

पुतण्याने छताकडे बघितलं.

"पूड काय, घरात कुणाच्याही हाती लागते," भावोजी म्हणाले. "वहिनी स्वतःच लावत असतील. जुन्या बायकांना असले घरगुती इलाज सुचतात. मी काही बोललो नाही, वयाचा मान ठेवला."

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या हातात त्या वेळी गरम इस्त्री नव्हती, हे त्यांचं नशीब. मी तोंड उघडणार तेवढ्यात सून बोलली. ती माझ्याशी बोलत नव्हती, त्यांच्याशीही नाही, ठमीच्या डोक्याकडे बघत होती.

"बाबा रोज वर यायचे, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "न्हाणीघरात ऐकू यायचं. हिच्याशी बोलायचे. 'होईल हं, होईल, जाईल,' असं म्हणायचे. मी पाणी बंद करायचे. अंघोळ आटपलेली असायची माझी, कपडेही घालून व्हायचे. पण मी बाहेर नाही यायचे. आत उभी राहायचे तशीच. मला वाटायचं, मी आले की ते उठतील. या घरात हिच्याजवळ कुणी बसत नाही. म्हटलं, आजोबा बसलेत तर बसू देत थोडा वेळ."

वाफेच्या इस्त्रीतून थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"मी मुद्दाम वेळ लावायचे," ती म्हणाली.

आणि भावोजींच्या तोंडून निघून गेलं, "हात धुऊन लावत होतो मी. रोज. साबणाने."

बोलले आणि त्यांनी तोंड मिटलं, पण आता उपयोग नव्हता. मग एकदा बांध फुटल्यावर सगळंच आलं. एवढीशी तर जागा. इतकी वर्षं कसले कसले डाग काढले, लोकांनी फेकून द्यायला काढलेले गाऊन नवे करून दिले, आणि आपल्या घरातलं हे एवढंसं वाळवता येऊ नये? रोज थोडं थोडं वाळतही होतं. कडेने धरत होतं. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर खपली आली असती, खपली पडली की खाली नवी कातडी, मग ऑपरेशन नको, पिशव्या नकोत, काही नको. कुणाला कळलंही नसतं. हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणाले.

त्यांचा आवाज फुटला होता. इथं दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी नाही विरघळले. मायेने केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांची माया दवाखान्यातल्या त्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसली होती आणि सुनेला विसराळू म्हणाली होती. चूक कुणाचीही होते. ती दुसरीच्या पदरात टाकून तिला घराबाहेर काढायला निघायचं, ही काही अडाणीपणाची चूक नाही. त्याला दुसरं नाव आहे आणि ते मी त्यांना त्या दिवशी तोंडावर ऐकवलं. इथं लिहीत नाही, कारण लहान मुलंही वाचतात.

पुतण्या काय करतो, याची मला फारशी आशा नव्हती. तो पुढे आला, टेबलाशी वाकला आणि पापुद्र्यातून लेकीच्या पोटाकडे बघत राहिला. रंग उडाला, कपाळाला घाम आला, टेबलाची कड गच्च धरली. पडला मात्र नाही. म्हणाला, "मी गाडी काढतो." बापाने खाकरलं. तो थांबला नाही. उशीर केला गाढवाने, पण केलं.

सुनेने ठमीला उचललं. "ऑपरेशन होईपर्यंत बाबांनी हिला हात लावायचा नाही," ती म्हणाली. या घरात तिने दिलेला हा पहिला हुकूम.

"आणि नंतर?" भावोजींनी विचारलं. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"नंतरचं तिला विचारा. बोलायला लागली की."

आम्ही दवाखान्याजवळ एक खोली घेतली. मीही गेले, भावोजींना म्हटलं, दोन्ही टेबलं आता तुमचीच, करा कडक काय करायचं ते. डॉक्टरीणबाईंना सुनेने सगळं खरं सांगितलं, आणि त्यांनी तिची माफी मागितली, तेही खुर्चीतून उठून. मग त्या खोलीत आम्ही तिघांनी पाळी लावून ते पोट ओलं ठेवलं. पुतण्याला पहिल्या वेळी उलटी झाली, दुसऱ्या वेळी उमासा आला, मग तो गाणी म्हणत करायला लागला. सूज उतरली, रंग परतला, मधला भाग पुन्हा मऊ झाला. एका बाजूची कड मात्र राठच राहिली. ती कापून टाकावी लागली. उरलेल्याची पिशवी वळली, आत बसली, पोट मिटलं. पाय एकत्र बांधून पोरीला कितीतरी दिवस पाठीवर निजवून ठेवलं होतं, तेव्हा तिने आरडाओरडा करून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. टाके तुटले नाहीत. शौचाची पिशवी राहणारच आहे, लघवीसाठी पुढे नळी घालून रिकामं करायला शिकवावं लागेल, आणखी एखादं ऑपरेशन होईल. मूत्राशय लहान झालं आहे. कडेचा तेवढा भाग असता तर थोडं मोठं झालं असतं, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता आम्ही परत आलो आहोत. ठमीची दुपटी दुकानाच्या मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांआधी धुतली जातात, तशी सुनेची अटच होती. भावोजी गिऱ्हाइकांना सांगतात की नातीवर फार मोठं ऑपरेशन झालं, आम्ही सगळ्यांनी फार काळजी घेतली. 'आम्ही सगळ्यांनी' म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. लोक म्हणतात, नशीबवान आहात. हे मान डोलावतात.

पण वर आले की खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबतात. हात पाठीमागे बांधलेले. ठमी जमिनीवर बसून चमचे आपटत असते, त्यांच्याकडे बघून हसतेही. कधी कधी चमचा पुढे करते. भावोजी वाकत नाहीत, सुनेकडे बघतात. सून मान वर करत नाही, आपलं काम करत राहते.

ठमी आता बोलायला लागली आहे. आई म्हणते, बाबा म्हणते, मला 'मोथी' म्हणते. पण सगळ्यांत स्पष्ट तिला 'नको' म्हणता येतं. भावोजींनी अजून विचारलेलं नाही.